चौथं नाव

दाराची घंटी वाजली, की नोलीन पर्सेल आत येणाऱ्या पुरुषाची आधी डावी भुवई बघते. मग हसते, मग “या” म्हणते. गॅनेट पॉइंटच्या लोकांना आता त्याची सवय झाली आहे. बाई म्हातारी झाली, नजर अधू झाली, असं म्हणून ते सोडून देतात. नजर तिची ठणठणीत आहे. त्या बघण्यामागे भीती आहे, आणि ती तिने स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलेली आहे.

नोलीन बटाट्याच्या शेतात वाढली. आमच्या या किनाऱ्यावरची माती इतकी लाल, की पांढरी चादर वाळत घातली तर वारा ती गुलाबी करून परत देतो. काढणीच्या दिवसांत घरातली सगळी पोरं यंत्रामागे उभी राहून पट्ट्यावरून ढेकळं वेचायची. नोलीन गुडघ्याशी पुस्तक टेकवून वाचायची. एकदा गोष्टीतला किल्ला पडत होता, आणि इकडे अर्धं पोतं ढेकळं बटाट्यांबरोबर गेली. बापाने पुस्तक चिखलात भिरकावलं. पोरीने ते नळाखाली धुतलं, चुलीशेजारी सुकवलं आणि किल्ला पडेपर्यंत वाचलं. पानं लाल झाली होती, तिला त्याचं काही नव्हतं.

पुढे तिने ट्रेव पर्सेलशी लग्न केलं. तो समुद्रात पिंजरे सोडून शेवंडी पकडायचा. तिने शाळेच्या उपाहारगृहात जन्म काढला, मुलं मोठी होऊन समुद्रापलीकडे मेलबर्नला गेली, आणि बाई चर्चच्या ऑप शॉपमध्ये फुकट काम करायला लागली. लोकांनी दिलेले जुने कपडे, कपबश्या, पुस्तकं तिथे विकायची. कपड्यांचं राज्य डोरीनचं, पुस्तकांचं नोलीनचं. जादू, राक्षस, ड्रॅगन असलं काही खोक्यातून निघालं, की ते आधी नोलीनच्या घरी जाणार आणि मग मांडणीवर येणार, हे ठरलेलं होतं.

“त्या ड्रॅगनला तरी विचार जेवायला काय ते,” ट्रेव म्हणायचा. “माझं काय, मी उपाशीच बरा.”

“गप बस. मरतोय तो.”

“चल, मग निदान त्याचंच कालवण कर.”

तिचा सगळ्यांत जीव होता तो इझोल्ड टार्नवर. या बाईचे सहा जाडजूड ग्रंथ. त्यांत मेजवान्यांची पानंच्या पानं, घरांची दारं सताड उघडी, आणि वाईट माणसालाही दोन घास. सहावा आला आणि बाई गप्पच झाली. ती मेली, असंही लोक म्हणाले. नोलीनने तिचं सुतक पाळलं म्हटलं तरी चालेल. मग बऱ्याच वर्षांनी टी. के. फेनर नावाच्या कुणाची बारीक, काळीकुट्ट पुस्तकं यायला लागली. हा माजी सैनिक असणार, असं जो तो म्हणे. नोलीनने पहिलं वाचलं, लगेच पुन्हा वाचलं आणि ट्रेवला उठवून सांगितलं, “ही आपली इझोल्ड आहे.”

“कशावरून?”

“तुझ्या हातची गाठ मी कुठल्याही दोरीत ओळखते ना, तसं.”

आता ही गोष्ट पोटात ठेवायची, तर ती नोलीन कसली. हिवाळ्यात आमच्या वाचनालयात वाचकांचा मेळावा भरतो. ज्याने त्याने घरून काहीतरी करून आणायचं, कुणीतरी आवडत्या पुस्तकावर बोलायचं, आणि मग खायचं. त्या वर्षी नोलीन बोलली. दोन नावांची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून तिने सगळी वीण उसवून दाखवली. दोन्हीकडे कुणी घोड्यावरून पडत नाही, लढाईतही पडत नाही. बायका पडतात त्या मात्र जिन्यावरून. सगळं वाचनालय हसलं. इझोल्डकडे माणसं बसून जेवतात, फेनरकडे उभ्याने जेवतात. इझोल्डची माणसं खोलीत शिरली की आधी शेकोटी बघतात, फेनरची आधी दुसरं दार शोधतात. “बाईच्या लिखाणाला वयाबरोबर धार आली,” नोलीन म्हणाली. टाळ्या पडल्या.

आणि शेवटी तिने हुकमाचं पान टाकलं. फेनरच्या राज्यात माती लाल आहे आणि धुणं गुलाबी होतं. तिन्हीसांजेला घरांच्या जमिनीखाली बुटकी भुतं गाढवासारखी रेकतात. आमच्याकडे घराखाली पेंग्विन कसे रेकतात, ते सगळ्यांनी जन्मभर ऐकलंय. “म्हणजे बाई आपल्यातच राहते,” नोलीन म्हणाली. “या किनाऱ्यावर. काय सांगावं, गुरुवारी दुकानाच्या मागच्या खोलीत आमच्या चहाला येऊन बसतही असेल!”

एक गोष्ट तिने मागे ठेवली होती, निव्वळ हावरेपणाने, पुढच्या वर्षीच्या भाषणासाठी. पॉली ड्रू या नावाचं लहान मुलांचं एक चित्रांचं पुस्तक खोक्यात निघालं होतं. एक कोंबडी असते. कोल्हा चहाला येऊन बसला, की ती खिडकीतल्या किटलीवर पिवळी टीकोझी, म्हणजे चहा गरम ठेवायची लोकरी टोपी, चढवते. बाहेर खेळणारी पिल्लं ती बघतात आणि घरी न येता पुढे निघून जातात. या कोंबडीच्या घरी, इझोल्डकडे आणि फेनरकडेही, दारात आलेल्या माणसाआधी त्याच्या जनावराला खाऊ घालतात. हे तिसरं नावही त्याच बाईचं, याबद्दल नोलीनच्या मनात तिळभर शंका नव्हती.

ग्रंथपाल मुलीने ते भाषण कौतुकाने टाइप करून इंटरनेटवर टाकलं. फोटोसकट, दुकानासकट, गुरुवारच्या चहासकट. इझोल्डची वेडी माणसं जगभर आहेत. त्यांनी ते उचललं आणि इकडून तिकडे केलं.

नंतर काही दिवसांनी ग्वेन दुकानात आली. ही आमच्यात येऊन तशी थोडीच वर्षं झालेली, दीपगृहाच्या रस्त्याला एकटी राहणारी बाई. बरोबर एक म्हातारा कुत्रा. बोलणं कमी. ती नेहमी पुरुषांचे मोठ्यात मोठे कामाचे बूट न्यायची आणि नोलीन तिची फिरकी घ्यायची, “अगं, तुझा नवरा बूट घालतो की खातो?” त्या दिवशीही तिने बूटच काउंटरवर ठेवले.

“तुझं भाषण वाचलं, नोलीन.”

“वाचलंस? आवडलं?”

“फार छान वाचतेस तू,” ग्वेन हळू आवाजात म्हणाली. “थोडं वाईट वाचलं असतंस, तर बरं झालं असतं.”

नोलीनने तिच्याकडे बघितलं. मग बुटांकडे. फेनरच्या दुसऱ्या पुस्तकातली बाई मेलेल्या राक्षसाचे बूट तंबूबाहेर ठेवून झोपते.

“ग्वेन, तू...”

“नाव घेऊ नकोस. कुठलंच घेऊ नकोस.”

“हे बूट दाराबाहेर ठेवतेस?”

“घरात पुरुष आहे असं वाटावं म्हणून. वारा-पावसाने ते कुजतात, मग नवीन न्यावे लागतात.” ग्वेनने दुकानाच्या मागच्या दाराकडे एकदा बघून घेतलं. “माझा नवरा माझं प्रत्येक पुस्तक वाचतो, नोलीन. मी कुठे आहे, एवढंच त्याला माहीत नव्हतं.”

नोलीनने बूट हातात घेतले. “आणि ते जिन्यावरून पडणं?”

“सगळे हसले म्हणे त्याला,” ग्वेन म्हणाली.

नोलीनने त्याच दुपारी वाचनालयात जाऊन ते भाषण काढायला लावलं. पण लोकांनी उचलून नेलेल्या प्रती कुणाकुणाकडून परत आणणार? पोलिसाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, माणूस दिसला तर लगेच कळवा म्हणाला. ग्वेनला ती म्हणाली, जा गं कुठेतरी. ग्वेन म्हणाली, “दोनदा पळाले. आता कुत्रा म्हातारा झालाय, मीही झालेय. बघू.” आपला फोन नंबर तिने नोलीनलाही दिला नाही. नोलीनला तो मागायचा हक्कच नव्हता.

तेव्हापासून नोलीनच्या जिवाला घोर लागला. घंटी वाजली की दचकायची. अनोळखी गाडी दिसली की आधी खिडकीशी जायची. रात्री पेंग्विन रेकले की ती कानावर उशी घ्यायची, कारण तो आवाज जगाला विकून आपणच टाळ्या घेतल्या होत्या. ट्रेव म्हणाला, “मुद्दाम केलंस का तू?” ती म्हणाली, “मुद्दाम नाही केलं. मिरवायला केलं.” त्यावर त्याने चहा करून आणला.

तो आला तो गुरुवारीच. दुपारी चहाच्या वेळेला. नीट इस्त्रीचा शर्ट, हातात चहाबरोबर खायला बेकरीतून घेतलेला केक. “नोलीन पर्सेल आपणच ना?” म्हणाला. “तुमचं भाषण मी दोनदा वाचलं. इतकं बारीक वाचणारं माणूस मी बघितलं नाही.”

एरवी या वाक्यावर नोलीन हुरळली असती. तिने काउंटरची कड धरली.

“बसा हो, बसा!” डोरीन ओरडली. तिला ऐकू येत नाही म्हणून ती सगळ्या जगाशी ओरडून बोलते. “चहात साखर किती?”

तो मागच्या खोलीत, पुस्तकांच्या मांडणीजवळ बसला. तिथून काउंटर दिसतं, दार दिसतं. “एक गोष्ट मात्र सुटली तुमच्याकडून,” तो म्हणाला. “प्रत्येक पुस्तकात एक माणूस मरतो. कुणी बुडतो, कुणी जळतो. आणि त्या प्रत्येकाच्या डाव्या भुवईत खाच असते.” त्याने बोट उचलून स्वतःची भुवई दाखवली. मधोमध केस नव्हते. जुनी, पांढरी पडलेली खाच होती. “वाईट वाटतं हो वाचताना. बायको आहे ती माझी.”

“हो का,” नोलीन म्हणाली.

“आजारी आहे. औषधं टाकून निघून गेली. मला भांडायचं नाहीये, परत न्यायचं नाहीये. बरी आहे एवढं डोळ्यांनी बघायचंय, बस.” तो इतक्या दुःखी आवाजात बोलला, की क्षणभर नोलीनचं मन डळमळलं. असेलही, असं वाटून गेलं. मग तिला जिने आठवले. सहा ग्रंथांतले सगळे जिने.

“ते भाषण म्हणजे नुसती गंमत होती हो,” ती म्हणाली. “म्हाताऱ्या बायकांना कौतुकाची हौस. लाल माती काय, कुठेही असते. पेंग्विन न्यूझीलंडलाही आहेत.”

“एकटी राहणारी असेल,” तो ऐकलंच नसल्यासारखा पुढे म्हणाला. “कुत्रा असेल. कुत्र्याशिवाय ती राहू शकत नाही. अशी कुणी आहे इथे?”

हा प्रश्न त्याने डोरीनकडे बघून विचारला. डोरीन हा हा म्हणता नाव घेणार होती. ग्वेन आवडायची तिला. नशीब, की त्याचा आवाज हळू होता.

“काय म्हणतायत ते?” डोरीन ओरडली.

“साखर नको म्हणतायत!” नोलीनही ओरडली.

“नको? मग आधी नाही का सांगायचं? घातली की मी!”

तो हसला. “असू दे. मी बसतो जरा. गुरुवार आहे ना आज? येतील अजून कुणी कुणी.”

ग्वेन दर गुरुवारी यायची नाही. पण आली, तर याच वेळेला यायची. बाहेर जाऊन तिला वाटेतच सांगावं, तर कुठल्या दिशेने जायचं? ही जिकडे जाईल तिकडे तो मागोमाग येणार. पोलीस दुसऱ्या गावात, आणि फोन काउंटरवर, त्याच्या नजरेसमोर. तंबूबाहेरचे बूट? दारात बूट ठेवले असते, पण फेनर त्यानेही वाचला होता. या माणसाने न वाचलेलं काय आहे, याचा ती जीव तोडून विचार करायला लागली, आणि तिला कोंबडी आठवली. पॉली ड्रूचं नाव भाषणात नव्हतं.

डोरीन टीकोझ्या विणते. त्या कुणी विकत घेत नाही, म्हणून खणभर साचल्या आहेत. नोलीनने खण उपसला. तपकिरी, हिरवी, गोंड्यांची, परत तपकिरी. पिवळी सगळ्यांत तळाला. तिने पितळी किटली उचलली, टीकोझी तिच्यावर चढवली आणि खिडकीतल्या बाहुल्या बाजूला सारून मधोमध ठेवली.

“काय करताय?” तो मागे येऊन उभा होता.

“खिडकी लावतेय. दर आठवड्याला बदलावी लागते.”

तो टीकोझीकडे बघत राहिला. “आमच्याकडे होती अशी एक,” तो म्हणाला. “तिने टाकली की मी टाकली, आठवत नाही.” आणि परत जाऊन बसला.

“माझ्या टीकोझीला आज मान मिळाला!” डोरीनला उकळ्या फुटल्या.

मग ग्वेन आली. समोरच्या फुटपाथवरून, बेकरीच्या बाजूने, हातात पाव आणि पुढे कुत्रा. ती खिडकीसमोर थबकली. कुत्र्याला या दारात नेहमी बिस्कीट मिळायचं, त्याने रस्ता ओलांडायला ओढ घेतली आणि एकदा भुंकला. नोलीन दार आणि तो माणूस यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. आमची नोलीन अंगाने चांगली भरलेली आहे, आणि त्याबद्दल तिने देवाचे आभार पहिल्यांदाच मानले असतील.

“मला एक सांगा,” ती मोठ्याने म्हणाली. “सगळ्यांत वाईट मरण कुठल्या पुस्तकातलं?”

त्याचे डोळे तिच्यावर आले. तिला कळलं, की याला हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. तो बोलायला लागला. तो कसा बुडाला, किती पानं बुडत होता. नोलीन माना डोलवत होती आणि तिच्या पाठीला दार जाणवत होतं. हळूच मान वळवून तिने बघितलं. ग्वेन पळाली नव्हती. कुत्र्याचा पट्टा आखडून, कुणाला संशय येऊ नये अशा चालीने ती आल्या वाटेने परत निघाली होती.

मग नोलीनने त्याला बसवून ठेवलं. हे कसं, ते कसं, असं विचारत आयुष्यातलं सगळ्यांत लांबलचक पुस्तकांचं बोलणं ती त्या माणसाशी बोलली. बोलता बोलता तिला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तिने फेनरच्या आंधळ्या राणीचा विषय काढला. “कुठली राणी?” तो म्हणाला. तिने इझोल्डच्या मेजवान्यांचं नाव घेतलं, तर त्या त्याला आठवेनात. जिथे जिथे तो होता, तेवढीच पानं त्याला पाठ होती.

अंधारून आलं तेव्हा तो उठला. “परत येईन,” असं गोड बोलून गेला. नोलीनने कडी लावली आणि कपड्यांच्या ढिगात बसकण मारली. मग पोलिसाला फोन केला, मग ट्रेवला. ट्रेव दीपगृहाच्या रस्त्याला जाऊन आला. घराला कुलूप होतं. कुत्र्याची वाटी धुऊन पालथी घातलेली होती. मोठे बूट दाराबाहेर तसेच होते.

तो पुढे दोनदा आला, बसून गेला, मग यायचा थांबला. थांबला म्हणजे शोधायचा थांबला असं नव्हे, हे नोलीनला पुरतं ठाऊक होतं. ग्वेनचं काय झालं, ते आम्हांला कुणालाच कळलं नाही. फेनरचंही पुढचं पुस्तक आलं नाही. पुढच्या हिवाळ्यात नोलीन मेळाव्यात उभी राहिली आणि म्हणाली, “मी चुकले. फेनर पुरुषच आहे. मी आपलं उगीच काहीतरी जुळवलं.” लोकांनी तिची रेवडी उडवली. अजूनही उडवतात. “काय नोलीन, सापडली का इझोल्ड बटाट्यांत?” ती हसून घेते. ज्या एका गोष्टीत ती खरोखर बरोबर होती, तीच चूक म्हणून तिने पदरात घेतली.

आणि गेल्या महिन्यात खोक्यात एक नवं कोरं पुस्तक निघालं. आर. एल. कॅस्टन. हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं. पहिल्या पानावर पावसात भिजलेला वाटसरू धर्मशाळेच्या दारात येतो, आणि धर्मशाळेची मालकीण त्याला आत घेण्याआधी त्याच्या खेचराला चारा घालते.

नोलीनने पुस्तक मिटलं. जिवंत आहे, एवढंच तिच्या मनात आलं, आणि ती मागच्या खोलीत जाऊन तोंडावर हात घेऊन रडली. पण रडून होईपर्यंत भीती दुसऱ्या दाराने आत आलीच. मला एक पान लागलं. त्याला किती लागतील?

तिने ते पुस्तक उभ्या उभ्या वाचलं, आवडीने नव्हे, झडती घेतल्यासारखं. घरं सगळी बैठी, जिना कुठेच नाही. बूट नाहीत, लाल माती नाही, रेकणारी भुतं नाहीत. माणसं दाराकडे पाठ करून बसून जेवतात. आपण यात कुठे आहोत का, हे बघायचा मोह तिला झाला आणि तिची तिलाच शरम वाटली, कारण तसं वाचणारा तिने बघितला होता. भुवईत खाच असलेला माणूस तर शेवटच्या पानापर्यंत आला नाही. तो स्वतःला शोधत येईल, पानं उलटेल आणि यात तो नसेल. तेवढ्यावरच तिची सगळी भिस्त होती.

“कसं आहे गं?” डोरीन ओरडली. “तुझ्या इझोल्डसारखं आहे का?”

नोलीनने आयुष्यभर चांगलं पुस्तक दिसेल त्याच्या हातात कोंबलं आहे. “छे,” ती भिंतीपलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अगदीच टाकाऊ आहे. कुणी वाचू नये,” आणि तिने ते पुस्तक पिवळ्या टीकोझीखाली सरकवलं. तेवढ्यात घंटी वाजली. तिने मान वर करून आधी भुवई बघितली.